ज्यांना मत नव्हते त्यांची प्रतिनिधी

ब्राझील देशात १९८५ सालापर्यंत निरक्षर मनुष्यास मत नव्हते. वाचकहो, हे वाक्य घाईने ओलांडून पुढे जाऊ नका. दक्षिण अमेरिकेतील तो सर्वांत मोठा देश. तेथे १८८९ साली बादशाही जाऊन प्रजासत्ताक आले. जन्मावरून माणसाला कायमचा हीन ठरविणारी स्मृती तेथे नाही. मनूचे नाव तेथील सामान्य जनांनी कधी ऐकलेले नाही. आणि तरीही ज्यास आपले नाव लिहिता येत नाही त्याने कर भरावा, शेते नांगरावी, रस्ते बांधावे, परंतु मत मात्र देऊ नये, असा दंडक त्या देशात एका शतकाहून अधिक काळ चालला.

निरक्षर कोण होते, हे विचारले म्हणजे या दंडकाचे खरे स्वरूप कळते. ब्राझीलमध्ये ३०० हून अधिक वर्षांच्या काळात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरविण्यात आली. अमेरिका खंडातील दुसऱ्या कोणत्याही एका देशात इतकी आणली गेली नाहीत. त्यांना अक्षरापासून दूर ठेवणे हा केवळ रिवाज नव्हता. राजधानी रिओ दि जानेरो येथील शाळांसाठी १८५४ साली जे नियम झाले, त्यांत कोणास दाखल करून घेऊ नये याची यादीच दिलेली होती : संसर्गजन्य रोगाने पछाडलेली मुले, देवी न काढलेली मुले, आणि गुलाम. देवी काढून घेता येत होत्या, रोग बरा होऊ शकत होता. तिसऱ्या नोंदीस औषध नव्हते.

पुढे १८८१ साली निवडणुकीचा नवा कायदा आला. त्यापूर्वी उत्पन्नाची अट होती. परंतु प्राथमिक मतदार होण्यास अक्षरओळख लागत नव्हती. नव्या कायद्याने ती अट घातली, उत्पन्नाचे पुरावे कडक केले, आणि १० लाखांहून अधिक असलेली मतदारांची संख्या दीड लाखाच्या आसपास येऊन ठेपली. त्यानंतर सात वर्षांनी, १३ मे १८८८ रोजी, गुलामगिरी रद्द झाली. म्हणजे बेड्या तुटल्या तेव्हा मतपेटीच्या दारास आधीच कुलूप लागलेले होते. १८९१ च्या प्रजासत्ताकाच्या घटनेने ते कुलूप कायम ठेवलेच. शिवाय प्राथमिक शिक्षण सर्व नागरिकांस विनामूल्य देण्याचे जे वचन बादशाहीच्या १८२४ च्या घटनेत निदान कागदावर तरी होते, तेही गाळून टाकले. शिकाल तर मत मिळेल, परंतु तुम्हांस शिकविणे हे आमचे कर्तव्य नव्हे! इतका नेटका बंदोबस्त करणाऱ्या मुत्सद्द्यांपाशी आपल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनीही चार धडे घेतले असते.

हाच प्रश्न आपल्याही दाराशी आला होता, हे येथे सांगणे अवश्य आहे. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी मुंबई प्रांतात जी समिती नेमली गेली, तिचे सभासद या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ च्या मे महिन्यात स्वतंत्र अहवाल सादर केला. २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत द्या, अशी मागणी त्यांत होती. आणि साक्षरतेची अट घालणारांस त्यांनी सुनावले होते की, निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे. ज्या समाजास शेकडो वर्षे शाळेत येऊ दिले नाही त्याच्याच अज्ञानाचा दाखला देऊन त्यास मत नाकारावयाचे, हा न्याय कोणता? १९५० च्या घटनेने हा वाद येथे संपविला. भूमिहीन, निरक्षर, अंगठा उठविणारा महार-मांग १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मतपेटीपाशी उभा राहिला. आपल्याला तो हक्क इतक्या सहजपणे अंगवळणी पडला आहे की, तो नसता तर काय झाले असते याचा विचारही आपण करीत नाही. तो विचार करावयाचा असेल तर ब्राझीलच्या दक्षिणेकडील सांता कातारिना या घटक राज्यातील एका शिक्षिकेच्या कारकिर्दीकडे पाहावे. तिचे नाव अंतोनिएता दि बार्रोस.

सांता कातारिनाची राजधानी फ्लोरियानोपोलिस. शहराचा जुना भाग एका बेटावर वसलेला आहे. त्याच शहरात ११ जुलै १९०१ रोजी अंतोनिएताबाईंचा जन्म झाला. गुलामगिरी जाऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. आई कातारिना ही दास्यातून मुक्त झालेली स्त्री. लोकांचे कपडे धुऊन ती मुलांस पोशीत असे. वडील लवकर वारले. संसारास हातभार लागावा म्हणून कातारिनाबाईंनी परगावचे विद्यार्थी घरी राहण्या-जेवण्यास ठेवले. त्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून या मुलीस पहिली अक्षरओळख झाली, असे तिचे चरित्रकार सांगतात. आम्हांस यात नवल वाटत नाही. ज्यांच्या घरात पुस्तक नसते त्यांची मुले दुसऱ्याच्या पुस्तकावर शिकतात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी हेच केले आहे.

मुलगी नॉर्मल स्कूलपर्यंत पोहोचली आणि १९२१ साली शिक्षिका होऊन बाहेर पडली. सांता कातारिना हे राज्य त्या काळी जर्मन व इटालियन वसाहतकारांच्या वस्तीने भरत चाललेले. कृष्णवर्णीयांची संख्या तेथे थोडी, आणि नॉर्मल स्कूलच्या बाकावर तर त्याहून थोडी. सरकारी वा खाजगी शाळेत नोकरी धरून पगारावर समाधान मानण्यास या तरुणीस कोणी अडविले नसते, आणि पुढे तिने नामांकित विद्यालयांत पोर्तुगीज भाषा व साहित्य शिकविलेही. परंतु पदवीनंतर दुसऱ्याच वर्षी, १९२२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिने स्वतःच्या नावाने एक खाजगी वर्ग काढला. गरिबांना लिहावयास वाचावयास शिकविणे हा त्या वर्गाचा हेतू होता. तीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्या वर्गाची सूत्रे तिने हातची सोडली नाहीत.

आता वर सांगितलेला कायदा आणि हा वर्ग एकत्र ठेवून पाहा. फ्लोरियानोपोलिसमधील हमाल, मोलकरणी, मच्छीमार यांच्यापैकी जो या वर्गात पाटीवर आपले नाव गिरवावयास शिकला, तो केवळ सुशिक्षित झाला नाही. पुरुष असला तर तो त्या दिवसापासून मतदार होण्यास पात्र झाला. इतर देशांत शिक्षक मुलांना नागरिकशास्त्र शिकवितात. येथे शिक्षिका अक्षरशः नागरिक घडवीत होती. म्हणून अंतोनिएताबाई १९३४ साली राजकारणात आल्या असे जे लिहिले जाते, ते आम्हांस मान्य नाही. त्या १९२२ पासूनच राजकारणात होत्या. फरक इतकाच की, स्वतः त्यांना तेव्हा मत नव्हते, कारण त्या स्त्री होत्या. ज्या दाराची किल्ली त्या दुसऱ्यांस देत होत्या, त्या दारातून त्यांना स्वतःस दहा वर्षे आत जाता येत नव्हते.

वर्गाच्या जोडीला त्यांनी लेखणी धरली. त्याच १९२२ साली त्यांनी ‘आ सेमाना’ नावाचे पत्र काढले आणि १९२७ पर्यंत चालविले. १९३० मध्ये दुसरे एक नियतकालिक हाती घेतले. आणि इतर वृत्तपत्रांतून ‘मारिया दा इल्या’, म्हणजे बेटावरची मारिया, या टोपणनावाने शेकडो लेख लिहिले. स्त्रीशिक्षण, शाळांची दैना, समाजाचा ढोंगीपणा, असे विषय असत. निवडक लेखांचे पुस्तक १९३७ मध्ये ‘फारापोस दि इदेयास’ या नावाने निघाले. नावाचा अर्थ विचारांच्या चिंध्या असा होतो. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्यांनी महारोग्यांच्या मुलांसाठी शाळा बांधण्यास देऊन टाकले. ज्या मुलांना आईबापांच्या रोगापायी कोणी जवळ येऊ देत नव्हते, त्यांच्यासाठी हे पुस्तक विकले गेले.

१९३२ च्या फेब्रुवारीत निवडणुकीचा नवा कायदा होऊन ब्राझीलमधील स्त्रियांना मत मिळाले. त्यासाठी बेर्ता लुत्झ या विदुषीच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची संघटना कित्येक वर्षे झगडत होती, आणि अंतोनिएताबाईंचा तिच्याशी पत्रव्यवहार होता. मात्र हा कायदाही साक्षर स्त्रियांपुरताच. ज्या कपडे धुणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, दुसऱ्यांची मुले वाढविणाऱ्या स्त्रियांना अक्षर आले नाही, त्यांच्यासाठी १९३२ साल आले आणि गेले.

१९३४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. कातारिनेन्स लिबरल पक्षाने अंतोनिएताबाईंस उमेदवारी दिली. तेथील पद्धतीप्रमाणे पक्षाच्या यादीतून मतांच्या क्रमाने सभासद निवडले जात आणि त्यांच्या खालचे पर्यायी सभासद म्हणून थांबत. अंतोनिएताबाई पर्यायी सभासदांत आल्या. वरचा एक सभासद जागेवर बसला नाही, आणि ती जागा त्यांना मिळाली. सांता कातारिनाच्या विधिमंडळातील त्या पहिल्या स्त्री सभासद, आणि ब्राझीलमध्ये लोकांच्या मताने निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९३५ मध्ये राज्याची घटना तयार झाली तेव्हा शिक्षण व संस्कृती आणि सरकारी नोकरवर्ग या दोन प्रकरणांचे काम त्यांच्याकडे आले. सभागृहाचे अध्यक्षपद सांभाळून एखादी बैठक चालविण्याचाही प्रसंग त्यांच्यावर आला. मुक्त दासीची मुलगी खुर्चीवर बसली आहे आणि जमीनदारांचे मुलगे तिच्याकडे पाहून बोलण्याची परवानगी मागत आहेत, हे दृश्य त्या राज्याने पूर्वी पाहिले नव्हते. १० नोव्हेंबर १९३७ रोजी जेतुलिओ व्हार्गास याने हुकूमशाही पुकारली आणि देशातील सारी विधिमंडळे बंद केली. सुमारे अडीच वर्षांत पहिली कारकीर्द संपली.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. थोरांची चरित्रे लिहिताना अशा गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. ती आम्हांस पसंत नाही. सांता कातारिनाचे राजकारण त्या काळी काही मोजक्या घराण्यांच्या हाती होते आणि त्यांत रामोस घराणे अग्रगण्य. विदाल रामोस हा राज्याचा गव्हर्नर होऊन गेलेला; त्याचा मुलगा नेरेउ रामोस १९३५ मध्ये गव्हर्नर झाला, आणि १९३७ नंतर विधिमंडळ बंद पडले तरी केंद्राने नेमलेला प्रशासक म्हणून १९४५ पर्यंत तोच राज्य करीत राहिला. अंतोनिएताबाईंची आई याच रामोसांच्या घरी काम करीत असे. ज्या पक्षाने अंतोनिएताबाईंस उभे केले तो नेरेउ रामोसचा पक्ष होता, आणि १९४५ नंतर त्या ज्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेल्या तोही त्याचाच. हुकूमशाहीच्या काळात त्यांनी तिच्याविरुद्ध बंड केले नाही. त्या शिकवीत राहिल्या, आणि १९४४ मध्ये राज्याच्या शिक्षण संस्थेच्या, म्हणजे जेथे त्या स्वतः शिकल्या होत्या त्याच नॉर्मल स्कूलच्या वारस संस्थेच्या, प्रमुख झाल्या.

मालकाच्या घरातून आलेल्या या आधारास काय म्हणावे? आमचा वाचक चटकन म्हणेल की, हे तर आश्रितपण. आम्ही इतक्या लवकर निवाडा देणार नाही. साओ पावलो शहरात १९३१ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःची ‘फ्रेंते नेग्रा ब्राझिलेइरा’ ही संघटना उभारली होती, १९३६ मध्ये तिला राजकीय पक्षाचे रूप दिले होते, आणि १९३७ च्या हुकुमाने तीही इतर पक्षांबरोबर बुडाली. संख्येने थोडे, मताने त्याहून थोडे, अशा सांता कातारिनातील कृष्णवर्णीयांस तेवढेही बळ नव्हते. आपल्या लोकांस मतच नसेल, तर त्यांच्या बळावर निवडून येणे कसे शक्य आहे? ज्यांच्यासाठी अंतोनिएताबाई बोलत होत्या ते त्यांना मत देऊ शकत नव्हते. जे मत देऊ शकत होते त्यांच्याच पक्षातून त्यांना जावे लागले. दोन्ही वेळा त्या पर्यायी सभासद म्हणूनच आल्या, यादीच्या वरच्या अंगास कधी आल्या नाहीत, यातच या आधाराची मर्यादा दिसते. दयेने मिळालेले आसन दया करणाऱ्याच्या सोयीनुसार उठविले जाते, हेही खरे. त्यांच्यामागे कित्येक दशके त्या सभागृहात दुसरी कृष्णवर्णीय स्त्री दिसली नाही, याचे कारण त्यांच्या गुणांत शोधावयाचे नसून या मार्गातच शोधावयाचे आहे. परंतु त्या आसनावर बसून त्यांनी काय केले, हा प्रश्न वेगळा आहे.

विधिमंडळ पुन्हा सुरू झाल्यावर १९४७ च्या निवडणुकीत त्या पर्यायी सभासद ठरल्या आणि १९४८ मध्ये रिकामी जागा मिळून पुन्हा आत आल्या. या खेपेस त्यांच्या नावाने जो कायदा प्रसिद्ध झाला तो शिक्षक दिनाचा. १५ ऑक्टोबर १८२७ रोजी बादशहाने प्राथमिक शाळांविषयीचा पहिला मोठा कायदा केला होता; साओ पावलोतील काही शिक्षकांनी १९४७ मध्ये तो दिवस साजरा केला होता. अंतोनिएताबाईंनी सांता कातारिनात तो दिवस शिक्षकांचा म्हणून कायद्याने ठरवून घेतला. कायदा क्रमांक १४५ हा १२ ऑक्टोबर १९४८ रोजी झाला आणि तिसऱ्या दिवशी राज्यात पहिला शिक्षक दिन आला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्ट यांच्या हुकुमाने तो साऱ्या देशाचा झाला.

हा कायदा लोकांच्या स्मरणात आहे. सुटीचा दिवस कोण विसरतो? सरकारांनाही असे कायदे आवडतात, कारण हार घालण्यास खर्च थोडा. आम्हांस त्यांची दुसरी दोन कामे अधिक मोलाची वाटतात. एक, शिक्षकांच्या जागा परीक्षा घेऊन, गुणांवर भराव्या, हा त्यांचा आग्रह. दुसरे, गरीब पण हुशार विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या. पहिल्या कामाचे महत्त्व आमच्या ग्रामीण वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. खेडेगावात शिक्षकाची जागा हे पुढाऱ्याच्या हातातील नाणे असते. कोणास नेमावे, कोणाची बदली आडरानात करावी, कोणाचा भाचा चिकटवावा, हे जेथे पुढारी ठरवितो तेथे शाळा ही पुढाऱ्याच्या मतदारांची छावणी होते आणि शिक्षक त्याचा कारकून. ब्राझीलमध्ये तर शिक्षकाच्या हाती मतदार करण्याची किल्ली होती, त्यामुळे त्या जागेची किंमत पुढाऱ्यास आणखीच अधिक. आणि परीक्षेचा खरा लाभ कोणास? ज्याचा मामा गव्हर्नर नाही त्यास. कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीस उत्तरपत्रिकेवर आपला वर्ण लिहावा लागत नाही. ज्या घराण्याच्या पक्षातून त्या आल्या होत्या त्याच्या हातातील वाटपाची सत्ता कमी करणारी ही मागणी त्यांनी त्याच पक्षाच्या बाकावरून केली. आश्रिताचे हे लक्षण नव्हे.

१९५१ मध्ये राज्यात सत्ता विरोधी पक्षाकडे गेली. त्या वर्षी घडलेला एक प्रसंग मुद्दाम नोंदविण्यासारखा आहे. ओस्वाल्दो काब्राल हा विरोधी गोटातील राजकारणी. पेशाने डॉक्टर, आणि राज्याचा इतिहासकार म्हणून नावाजलेला. अंतोनिएताबाईंच्या लेखनाचा समाचार घेताना त्याने त्यास गुलामांच्या चाळीतील हलके कारस्थान असे म्हटले. त्याने वापरलेला मूळ शब्द ‘सेंझाला’. मळ्यावर गुलामांना रात्री कोंडून ठेवण्याच्या जागेस तो शब्द आहे. अंतोनिएताबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. तीस वर्षे शिकविलेल्या, दोनदा विधिमंडळात बसलेल्या, राज्यातील शिक्षकांच्या शिक्षिका. गुलामगिरी रद्द होऊन ६३ वर्षे झाली होती. आणि एका विद्वान गृहस्थास त्यांचा मुद्दा खोडण्यासाठी दुसरे काही सापडले नाही. तो थेट त्यांच्या आईच्या दास्यापर्यंत मागे गेला. विद्वत्तेने हा रोग बरा होतो असे मानणारे लोक आपल्याकडेही आहेत, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. इतिहासकारास सेंझाला म्हणजे काय हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणूनच त्याला तो शब्द नेमका सुचला.

अंतोनिएताबाईंनी वृत्तपत्रातूनच जाहीर उत्तर दिले. या उत्तरास विशेष महत्त्व अशासाठी की, तोवरच्या त्यांच्या लेखनात वर्णाचा उल्लेख फारसा येत नाही. शिक्षण, स्त्रिया, नीती यांवर त्यांनी सारखे लिहिले. आपण काळ्या आहोत, आपणांस यामुळे काय सोसावे लागले, हे त्या सहसा लिहीत नसत. अलीकडच्या अभ्यासकांनी या मौनाविषयी बराच खल केला आहे. आम्हांस वाटते की, जेथे काळ्या स्त्रीच्या प्रत्येक शब्दाकडे काळ्या स्त्रीचा शब्द म्हणूनच पाहिले जाणार, तेथे आपला शब्द शिक्षिकेचा म्हणून ऐकला जावा अशी इच्छा धरणे हा भ्याडपणा नाही. परंतु काब्रालच्या एका शब्दाने हेही दाखवून दिले की, आपण आपल्या जन्माचा उल्लेख टाळला तरी समोरचा तो विसरलेला नसतो. तो योग्य वेळेची वाट पाहत असतो.

२८ मार्च १९५२ रोजी अंतोनिएताबाईंचे निधन झाले. त्यांचा वर्ग मात्र बंद पडला नाही. त्यांची शिक्षिका बहीण लेओनोर हिने तो १९६४ पर्यंत चालविला.

मृत्यूनंतरचे मानसन्मान यथास्थित झाले. फ्लोरियानोपोलिसमधील एका बोगद्यास त्यांचे नाव आहे. २००३ च्या कायद्याने ब्राझीलच्या शाळांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास शिकविणे आवश्यक झाले, तेव्हापासून त्यांचे नाव मुलांच्या कानी पडू लागले. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांतील राखीव जागा घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांत कृष्णवर्णीय व आदिवासी यांचा लोकसंख्येप्रमाणे वाटा, असा कायदा झाला. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्राच्या वीरांच्या नोंदवहीत अंतोनिएताबाईंचे नाव कायद्याने नोंदविले गेले. गुणवत्तेचा कैवार घेऊन राखीव जागांस विरोध करणारांची टोळी तेथेही होती, हे सांगावयास नकोच.

परंतु ज्या दंडकापासून आम्ही आरंभ केला त्याची कथा अजून उरली आहे. १९६३ साली ईशान्येकडील अंगिकोस या गावी पाउलो फ्रेइरे या शिक्षणतज्ज्ञाने सुमारे ३०० मजुरांस ४० तासांत लिहावयास वाचावयास शिकविण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी ठरताच गुलार्ट यांच्या सरकारने तशी वर्तुळे देशभर काढण्याची योजना आखली. जमीनदारांनी हिशेब केला. ४० तासांत एक साक्षर म्हणजे ४० तासांत एक मतदार. फ्लोरियानोपोलिसच्या एका शिक्षिकेने तीस वर्षे थेंबाथेंबाने जे केले, ते आता पाटाच्या पाण्यासारखे वाहणार होते. १९६४ च्या एप्रिलमध्ये सैन्याने सत्ता घेतली, आणि त्याच महिन्यात ती योजना रद्द झाली. फ्रेइरे यांस तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. लेओनोरबाईंचा वर्ग बंद झाला तेही वर्ष हेच. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आम्ही जोडीत नाही, पण वर्ष एकच आहे.

लष्करी राजवट २१ वर्षे टिकली. ती गेल्यावर १९८५ च्या मे महिन्यात घटनादुरुस्ती होऊन निरक्षरांस मत मिळाले. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी राज्यांच्या राजधान्यांत नगराध्यक्षांच्या निवडणुका झाल्या. फ्लोरियानोपोलिस हे त्यांपैकी एक शहर. त्या दिवशी त्या बेटावरच्या ज्या धुणे धुणाऱ्या बायकांस आपले नाव लिहिता येत नव्हते, त्याही मतदान केंद्रावर जाऊ शकत होत्या. अंतोनिएताबाईंस जाऊन तेव्हा ३३ वर्षे झाली होती.